गुरुवारी चाललेला प्रोजेक्टर

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज जेवणानंतर वाचते आणि मनातल्या मनात हसते, हे आधीच कबूल करते. माझे वडील बौद्ध धम्म स्वीकारलेल्या पहिल्या पिढीतले. भूत, बाधा, उतारा असला शब्द घरात कोणी काढलाच, तर ते चष्मा काढून नुसते बघायचे... तेवढं पुरायचं. त्यात मी विज्ञानाची शिक्षिका. त्यामुळे हे मी लिहितेय, याचंच मला नवल वाटतंय. असो.

साल दोन हजार सहा, मार्च महिना. कोथरूडमधली मराठी शाळा, दुसरा मजला, खोली नंबर चौदा, सातवी ब. त्याच आवारात संस्थेचं इंग्रजी माध्यमही भरायचं. माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला एक कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर भेट दिला होता. तो आम्ही इतका जपला, इतका जपला, की वर्षभर कोणी चालूच केला नाही. शिवणाच्या बाईंनी त्याला फुलाफुलांची खोळ शिवली. चपला खोलीबाहेर काढायच्या, असा नियम झाला. दसऱ्याला कोणीतरी भक्तिभावाने फ्लॉपीच्या फटीत अक्षता वाहिल्या — त्या मी चिमट्याने एकेक करून काढल्या.

शेवटी संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याकडे हा संच शोभेलाच आहे. इंग्रजी माध्यमाला देऊन टाकू. ते निदान खोळ तरी काढतील."

मला ते फार लागलं. माझ्या वर्गात धायरीहून दोन बस बदलून येणारी मुलं होती. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि तो येण्याची चिन्हंही नव्हती. मी म्हटलं, "सर, एक पाठ बघा आणि मग न्या."

"ठीक. येत्या गुरुवारी, दहा वाजता."

आणि मी हो म्हणाले! दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात म्हणून ज्या शहरात बायका बुधवारीच चटण्या वाटून ठेवतात, त्या शहरात जन्म काढून मी प्रोजेक्टरच्या पाठाला गुरुवार कबूल केला. कुठल्या भागात वीज जाणार ते पेपरात छापून येतं. पण त्या दिवशी सकाळी मी पेपर उघडलाच नाही, इतकी धास्ती होती.

विषय होता — नळाला पाणी येतं कुठून. मुलांनी आठवडाभर खपून स्लाइड्स केल्या होत्या. सारिका नावाच्या मुलीने माउस धरून अख्खं धरण काढलं होतं. ते जरा भाकरीसारखं दिसत होतं, पण धरण होतं. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही खोलीत अंधार केला. बरोबर दहाला मी बटण दाबलं आणि भिंतीवर धरण उमटलं. मुलं एकदम गप्प झाली. सातवी ब गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पाठ रंगत गेला. मुलं पुढे येऊन सांगत होती, कोणी अडखळलं तर मागून चार जण आठवण करून देत होते. फक्त उकाडा भयंकर होता. सेक्रेटरी रुमालाने मान पुसत म्हणाले, "आपल्याकडे पंखे नुसतेच टांगतात का?"

मी सारिकाला खूण केली. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं.

"बाई, हा बिघडलाय. तोही बिघडलाय."

मला शाळेची लाज वाटली. मी पाठ तसाच पुढे रेटला.

चाळीस मिनिटांनी सेक्रेटरी उठले, मुलांना "छान" म्हणाले आणि शेरा लिहायला ऑफिसात गेले. मुलं मधल्या सुट्टीला पळाली. भिंतीवर शेवटची स्लाइड तशीच होती, 'आता तरी नळ बंद करा'. तेवढ्यात आमचे शिपाई दत्तूमामा चहाचे कप न्यायला आले आणि दारातच थबकले.

"बाई, हे कशावर चाललंय?"

"कशावर म्हणजे? लाइटवर."

"लाइट साडेनवालाच गेलीया की. आज गुरवार हाय."

त्यांचं वाक्य संपलं आणि भिंत काळी झाली.

मग मी वायर हाताने चाचपत गेले. ती सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये होती. यूपीएस सोमवारीच दुरुस्तीला दिलेला. शाळेत इन्व्हर्टर नव्हता. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर पाटी होती — 'लाइट नाही. आत येऊन विचारू नये.' तरी मी आत जाऊन विचारलं. साडेनऊपासूनच नव्हती.

माझा इंजिनिअर भाचा म्हणाला, "मावशी, कुठून तरी एखादी फेज मिळाली असेल." मी म्हटलं, "मग पंख्यांना का नाही मिळाली?" यावर त्याने आणखी चहा मागितला. वीज कार्यालयातही जाऊन आले. तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, गुरुवारी वीज नव्हती अशी तक्रार असेल तर द्या. होती, अशी आम्ही घेत नाही."

दुसऱ्या दिवशी पंखे लावून पाहिले. सगळे ठणठणीत.

इतक्या वर्षांत कारण सापडलेलं नाही. मी देव आणला नाही, भूत आणलं नाही, आताही आणणार नाही. पण सारिका आता स्वतः शिक्षिका आहे आणि फोन केला की एकदा तरी विचारते, "बाई, मी चार वेळा दाबलं होतं ना?" मी म्हणते, "हो गं, चार वेळा."

निवृत्तीच्या दिवशी मी शाळेची शेरेवही मुद्दाम काढून पाहिली. सेक्रेटरींच्या अक्षरात लिहिलंय, "पाठ उत्तम. संच सातवी ब कडेच राहावा. उन्हाळ्यात पंखे लावण्याचे कष्ट घ्यावेत."

त्यांना आम्ही कधीच काही सांगितलं नाही. मुख्याध्यापिकांना मात्र मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. शेऱ्याखाली त्यांची सही आहे आणि वर एक ओळ, "नोंद घेतली. गुरुवार सोडून पंखे चालू राहतील."