एमसी खोडवा आणि ती

हार्ड डिस्क भरली की मी जुनी गाणी उडवतो. किस्से मात्र कुठल्या फोल्डरमधून उडवायचे ते अजून समजलेलं नाही. ते आपले साठत जातात आणि चहा आला की तोंडातून बाहेर पडतात.

बारामतीत इंदापूर रोडला मोटर रिवायंडिंगच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्या, दाराला गोधडी, आणि एसी आहे, पण रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद ठेवावा लागतो, इतका तो गातो! पूर्वी मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, हार्मोनियमचे क्लास घ्यायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. इथं वाढदिवसाची गाणी होतात, प्रचाराची होतात, मंगलाष्टकं होतात. पण आपल्या भागात उसाच्या ट्रॅक्टरवर जे एक चावट गाणं सगळीकडं वाजतं ना, तेही इथंच झालं. मला त्याचा अभिमान आहे. घरी बायकोसमोर थोडा कमी, बाहेर भरपूर!

*

विक्या लासुर्ण्याचा. पहिल्यांदा आला तेव्हा गळ्यात साखळी, डोळ्यावर काळा चष्मा, आणि रॅपमध्ये गल्ली, गँग, पोलीस, पिस्तूल.

मी विचारलं, "तुझ्या घराला गल्ली आहे का रे?"

"न्हाय मास्तर. आमी वस्तीवर ऱ्हातो."

"शेजारी?"

"शेजारी म्हंजे... पाण्याची चारी ओलांडून एक घर हाय. पण त्यांच्याशी बोलणं न्हाय."

"मग गँग कुणाची?"

जरा विचार करून म्हणाला, "म्हशी हायती."

मी म्हटलं, बाबा, जे बघितलंस ते लिही. आठवड्याभरानं आला तो नवं नाव घेऊनच. एमसी खोडवा! ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून जे दुसरं पीक येतं ते खोडवा, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. तरी मी विचारलं, हे काय नाव?

"मास्तर, बारावीला कापलं, भरतीत कापलं. आपण परत उगावतो!"

त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

*

आता गाणं. रात्रीच्या पाळीला पाण्याच्या मोटरीसाठी थ्री-फेजची लाईट येते, गडी उसाला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला, निघतो आणि जाताना राणीलाही बोलावतो, असा सगळा मामला. हूक असा होता:

"रातपाळीची लाईट आली, राणी, चल गं दारं धरू,
तुझ्या सरीत माझं पाणी, सांग कुठनं सुरू करू!"

पुढची कडवी मी इथं सांगणार नाही, समोर चहावाला उभा आहे.

विक्या हे रेकॉर्ड करायला आला त्याच दिवशी पूनम मंगलाष्टक गायला आली होती. पूनम कळंबची. लग्नं, हळदी, स्टेज शो, सगळीकडं गाते. आवाज असा की माइकलाच बरं वाटावं! ती काचेपलीकडं बसून विक्याचं सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ही उठून जाणार. ती उठली आणि थेट आत आली.

"सगळं ह्योच बोलतोय. ती बाई काय म्हणली त्ये कुठंय?"

विक्या म्हणाला, "ती काय म्हणणार? ती लाजली."

"उसात? राती? लाजली?" पूनम हसली. "थांब, मी सांगते काय म्हणली."

आणि उभ्या उभ्या गाऊन दाखवलं:

"बांधावरनं बाता मोठ्या, जवळ आला की घाम,
स्टार्टर दाबायच्या आधीच, राजा, फ्यूज उडाला, राम राम!"

मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. विक्याचे कान गाजरासारखे लाल! ज्यानं सरीपासून सुरुवात केली होती, तो गडी पुढं पूनमच्या देखत एक ओळ म्हणायला तयार होईना. शेवटी भिंतीकडं तोंड करून, गादीला कपाळ टेकून त्यानं सगळं कडवं रेकॉर्ड केलं. वर म्हणतो, "मास्तर, जरा लाईट घालवा ना."

गाणं लाईट आल्याचं, आणि गायक अंधारात!

*

गाण्यात मोटरचा खराखुरा आवाज पाहिजे होता. तो खालच्या दुकानात आयता मिळाला. दुकान बापूंचं. बापू म्हणजे गळ्यात माळ, तोंडात हरिपाठ, हातात तांब्याची तार. स्टार्टरचा खटका आणि मोटरचा घुमारा आम्ही त्यांच्याकडून भरून घेतला. कशाला पाहिजे ते सांगितलंच नाही.

गाणं झाल्यावर बापू वर आले. "ऐकवा की, आमच्या मोटरनं काय गायलंय."

आता आली का पंचाईत! लावलं. बापूंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही तिघं जमिनीकडं बघत बसलो.

बापू उठले, टोपी नीट केली आणि विक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फ्यूज सारखा उडत आसंल तर मोटरीत दोष हाय बाळा. लाजू नगं. घिऊन ये एकदा, बघू."

बापूंना समजलं होतं की नव्हतं, यावर आमच्यात अजून भांडणं होतात.

*

हसणं झालं, आणि गाण्यावर गाणाऱ्यांची नावं घालायची वेळ आली. पूनम माझ्याजवळ आली.

"माझं नाव घालू नका, मास्तर. आण्णा."

आण्णा म्हणजे तिचे वडील, महादूआण्णा. स्वतःचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, सीझनभर कारखान्याची ऊसवाहतूक. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. पूनम पहिल्यांदा स्टेजवर चढली तेव्हा भावकीनं डोकं खाल्लं होतं. आण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "गाऊ दे. पण पोरी, मला खाली बघायची पाळी आणू नगं." तेव्हापासून तिला गाण्याला कुणी अडवलं नाही. पण ते एक वाक्य तिच्याबरोबर प्रत्येक स्टेजवर चढायचं.

विक्या म्हणाला, "अगं, निम्मं गाणं तुझं हाय! नाव न्हाय म्हंजे काय?"

ती हसली, पण बरं हसली नाही. "माझं नाव कुठंय? सातबाऱ्यावर न्हाय, दारावर न्हाय. ट्रॉलीच्या मागं बी 'रोहन – सोहन'च लिवलंय, दोघं भाऊ. माझं लग्नपत्रिकेवर यील तेवढंच."

विक्यानं कीबोर्ड ओढला आणि गायकांच्या नावाच्या जागी टाइप केलं: एमसी खोडवा आणि ती.

"आता ठीक हाय?"

"ठीक हाय," पूनम म्हणाली. तसं ते गेलं.

*

माझा एक नियम आहे. मिक्स झाला की तो स्टुडिओच्या स्पीकरवर तपासायचा नाही. हे महागडे स्पीकर तोंडावर गोड बोलतात. खरं बोलतो तो उसाचा ट्रॅक्टर! मागं डेक, सीटखाली बफर, वर इंजिनाचा धडधडाट. त्यातून जो आवाज ऐकू येतो तोच आवाज.

म्हणून विक्या पेन ड्राइव्ह घेऊन कारखान्यावर गेला. दुपारची वेळ, नंबरला ट्रॅक्टरची ही लांब रांग. मित्राच्या ट्रॅक्टरवर गाणं लावलं. पहिल्या कडव्याला पुढचा ड्रायव्हर मागं वळला. पूनमचं कडवं आलं तसा मागचा खाली उतरून आला. "परत लाव!" मग त्याच्या मागच्याला पाहिजे, मग त्याच्या मागच्याला. पेन ड्राइव्ह विक्याच्या हातात परत आलाच नाही. तासाभरात पुढच्या टोकाला 'लाईट आली' चाललंय आणि मागच्या टोकाला 'राम राम'!

सगळ्यांचा प्रश्न एकच. "ती कोण हाय?" एक म्हणे पुण्याची. एक म्हणे, छ्या, मुंबईची आसणार, आपल्याकडं असला आवाज कुठला.

विक्या छाती फुगवून रांगेतनं हिंडत होता. हिंडता हिंडता एका ट्रॉलीवर नाव वाचलं: रोहन – सोहन. वर बघतो तर आण्णा! स्टेअरिंगवर दोन्ही हात, नजर समोर, आणि त्यांच्याच डेकवर पूनम गातेय.

एमसी खोडवा तिथून पळाला तो थेट उसात घुसला. पानांनी सगळं अंग कापून घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "मास्तर, उसात जायचं म्हणून गाणं लिवलं, पण आसं न्हवतं लिवलं!"

*

काटेवाडीला एक हळद होती. पूनमला गायला बोलावलं होतं. ती जरा पाणी प्यायला थांबली, तेवढ्यात डीजेवाल्यानं आमचं गाणं सोडलं. झालं! हळदीच्या सगळ्या बाया उठल्या. विक्याचं कडवं सुरू झालं की ओरडायच्या, "त्या बाब्याचं पुढं ढकल, बाईचं लाव!" आणि तिचं आलं की लहान-थोर सगळ्या एका सुरात, "फ्यूज उडाला, राम राम!" नवऱ्या मुलाची मावशी तर पाटावर चढली.

नाचून दमलेली एक काकू पूनमशेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तू बी बरं गातीस गं. पण हिच्यावानी जमाय पायजे. ऐक जरा तिला, शिकशील!"

पूनमनं मला तिथूनच फोन केला. आधी कितीतरी वेळ नुसती हसत होती. मग हसताहसता रडायला लागली. मला राग आला, खरंच सांगतो. इतका मोठा आवाज, आणि त्याला हक्काची तीन अक्षरंही नाहीत!

*

मग एक दिवस जिन्यात चपलांचा आवाज आला. वर आले ते महादूआण्णा. विक्या त्यांना बघून व्होकल बूथमध्ये शिरला आणि दार ओढून घेतलं.

"मास्तर म्हंत्यात त्ये तुमीच का?"

"व्हय."

"त्ये मोटरीचं गाणं तुमी केलंय?"

"व्हय."

"त्यात बाई कोण हाय?"

"आण्णा, ते सांगायची मला परवानगी नाही."

"परवानगी!" आण्णा बसले. "जल्मल्यावर रडली तवापास्नं त्यो आवाज ऐकतोय मी. लावा."

लावलं. हेडफोन मागून घेतले, मुंडाशावरूनच चढवले. चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. सरी झाली, पाणी झालं, फ्यूज उडाला, राम राम झालं. आण्णांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"मास्तर, ह्या पोराचा आवाज एवढा मोठा, आन् माझ्या पोरीचा बारका का?"

मी मुकाट्यानं तिचा आवाज वाढवला.

"आजून."

आणखी वाढवला.

"हां. आता ट्रॅक्टरवर नीट ऐकू यील." मग बूथकडं बोट केलं. "आत कोण हाय? भाईर ये रं."

विक्या आला. आण्णांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "खोडवा म्हंत्यात त्यो तू व्हय? खत कमी पडलंय."

जिना उतरताना माझ्याकडं वळून म्हणाले, "मी आलतो त्ये तिला सांगू नगा." नावाचं ते काही बोलले नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आम्ही दोघांनी शब्द पाळला. विक्याच्या पोटात काही टिकत नाही, पण हे टिकलं.

*

परवाचीच गोष्ट. इंदापूरला शो होता. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही तिघं. विक्या गाडी चालवत होता, पूनम शेजारी, मी मागं कीबोर्ड मांडीवर घेऊन. भवानीनगर गेलं आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. कारखान्यावर खाली करून निघालेला, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, रस्ता अडवून आरामात चाललेला. डेकवर आमचंच गाणं, आणि तेही पूनमचा आवाज वाढवलेल्या नवीन मिक्समध्ये!

विक्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. "कोण हाय ह्यो येडा? शोला उशीर हुतोय! आरं, बाजूला घे की!"

"हॉर्न बंद कर," पूनम म्हणाली.

"अगं, पण—"

"बंद कर म्हणलं ना."

मी मागून मान लांब करून बघितलं. मागच्या ट्रॉलीला ताजा रंग दिला होता, अजून चकाकत होता. 'रोहन – सोहन' खाली बारीक अक्षरात सरकलं होतं. आणि वर, ट्रॉलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळ्याधमक रंगात:

ती आमची पूनम, कळंब.

पुढं रस्ता मोकळा झाला, ट्रॅक्टरमधून एक हात बाहेर आला आणि पुढं जा म्हणून हलायला लागला. विक्यानं गिअर बदलला.

"ओव्हरटेक केलास," पूनम डोळे पुसत म्हणाली, "तर मी हितंच उतरीन."