मालकांचे पाय आणि माझी मान

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये मशिनींना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात आणि मग एकेकाने मालकांच्या पाया पडायचं. मालक बूट काढून खुर्चीत बसतात. मशिनींची पूजा झटकन उरकते, यांची चांगली लांबते.

माझी पाळी आली. मी उभ्यानेच हात जोडले.

"हा तर आधीच निम्मा वाकलाय," मालक म्हणाले. "उरलेला आम्ही वाकवायचा का?"

सगळे खिदळले. बोनस व्हायचा होता ना अजून.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. मणक्यांचा हा आजार विशीत जडला. आता मणके एकमेकांना चिकटून पाठीचा बांबू झालाय, तोही वाकडा. फासळ्याही आखडल्यात, छाती फुगत नाही. फुप्फुसांच्या वरच्या टोकांना वण पडलेत. जिना चढलो की धाप लागते. डॉक्टरांनी बजावलंय, असा मणका साध्या हिसक्यानेही मोडतो, आणि मानेत मोडला तर हातपाय गेले. हे मी मालकांना सांगितलं होतं. ऐकताना ते मोबाइल बघत होते. तरी मागच्या वर्षापर्यंत गुडघे टेकून पाया पडलो. नोकरी हवी होती. यंदा तेवढंही वाकवत नाही.

मॅनेजर मागून आला. मानेवर पंजा ठेवून त्याने दाबलं.

"वाक की. कसला एवढा माज?"

डोक्यापासून कमरेपर्यंत कळ गेली. ओरडायला छातीत हवा नव्हती. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. आणि मग मला किळस आली. एका माणसाच्या हौसेपायी हे माझी मान मोडायला निघाले होते.

मी त्याचं मनगट धरून हात बाजूला केला.

"पुन्हा हात लावलात तर पोलिसांत जाईन. आणि मालक, पाया पडून घ्यायची एवढी हौस असेल तर बुधवार पेठेतल्या गणपतीच्या देवळाशेजारी खुर्ची टाका. दर्शनाची रांग आयती मिळेल."

धापा टाकत, तोडत तोडत बोललो. पण पूर्ण बोललो. मग तिथून घरी निघालो.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळी मॅनेजरचा फोन आला. "आजारी असून ठेवलंय तुला. उपकार विसरू नकोस. ये, पाया पड, विषय संपव."

उपकार म्हणे! स्टोअर मी सांभाळतो, पगार त्याचा घेतो.

मी सांगितलं, "येतोय. कामावर. काढायचं असेल तर लेखी द्या, आणि कारण खरं लिहा."

लेखी द्यायची यांची छाती नाही. मी रोज जाणार. त्या खुर्चीपुढे मात्र आता उभासुद्धा राहणार नाही.