लाल शाई पुसते का, सिस्टर?

इकडे सरक गं मार्था, अशी माझ्यापाशी बस. लातूरच्या क्लासला गेल्यापासून लई शहाणी झालीस. हॉस्टेलात खोलीतल्या मैत्रिणीला वाट्टेल ते बोललीस, आणि वर मला सांगतेस, ‘आजी, मी प्रार्थनेत क्षमा मागितली, संपलं.’ संपलं का खरंच? मला तर या वयातही उमगलेलं नाही. म्हणून नायक दत्ताचं सांगते.

भूकंप झाला तेव्हा मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. नांदेडची पोरगी, तिकडची बोली कळते, म्हणून मला टीमबरोबर धाडलं. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर आमचा तंबू. पहाटे पाणी उकळायचं, मग जखमा, टाके, धनुर्वाताची इंजेक्शनं. जेवण उभ्यानंच. गावात दगडमातीची घरं, वर मातीचं जड माळवद. सगळं खाली बसलेलं. जवान हातांनी उपसत होते.

दत्ता त्यांच्यातलाच, हुद्द्याने नायक; भोकरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, थट्टेखोर. इंजेक्शन घेताना म्हणायचा, ‘भूकंपाला न्हाई, तुमच्या सुईला भितो.’

एका दुपारी तो बोटं सोलून आला. थट्टा नाही, काही नाही. मी पट्टी बांधत होते. माझ्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघून म्हणाला, ‘सिस्टर, तुमच्यात पापाची माफी असते म्हणे. रेड इंक एंट्री पण पुसते का?’

तुला कळायचं नाही ते. फौजेत गुन्हा झाला की टोपी-बेल्ट उतरवून जवानाला पलटणीच्या मोठ्या साहेबांपुढे, सीओसाहेबांपुढे उभं करतात. शिक्षा भोगून संपते, पण रेकॉर्डात लाल शाईची नोंद राहते.

मग त्याने सांगितलं. एका घराच्या ढिगाऱ्याला कान लावला, आवाज नव्हता. शेजारच्या घरातून हाका येत होत्या. सुभेदारसाहेबांची ऑर्डर आली, तिकडे चला. पण या पहिल्या घरातली आई वाट अडवून बसली, माझी लेक आत आहे म्हणे. तिला उठवायला हा म्हणाला, आत कुणी नाही, मावशी. शेजारची माणसं जिवंत निघाली. मागून या घरातून मुलगी निघाली, मेलेली. दत्ता तिथून हलला तेव्हा तिच्यात जीव होता का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

‘हे पाप म्हणायचं का ऑर्डर, सिस्टर?’

वर्दीत धर्म सांगत फिरायचा नसतो. पण त्याने आपणहून विचारलं होतं. मी म्हटलं, ऑर्डरचं मला ठाऊक नाही. माझा विश्वास असा, की पश्चात्ताप करून येणाऱ्याची नोंद प्रभू येशूने स्वतःच्या नावावर घेतली. शिक्षा त्याने वधस्तंभावर भोगली. तुझा कागद कोरा. यालाच आम्ही शुभवर्तमान म्हणतो.

तो म्हणाला, ‘वरचं मिटलं समजा. त्या माउलीचं काय?’

मी पट्टीचा पुढचा वेढा घेऊ लागले. तो उठला, पट्टी अर्धी लोंबत होती.

त्या मुलीची आई तंबूसमोरच, उभ्या राहिलेल्या एकुलत्या भिंतीच्या सावलीत बसली होती. दत्ता तिच्यापुढे गेला. टोपी काढली, बेल्ट काढला, सावधान उभा राहिला. काहीतरी बोलला. तिने हात वर केला. तेवढ्यात जमीन हलली. त्याने तिला ढकललं. भिंत त्याच्यावर आली. उपसून काढला तेव्हा श्वास नव्हता.

वायरलेसवर सुभेदारसाहेब बोलले, ‘एक कॅज्युअल्टी. आपलाच. ओव्हर.’

त्या बाईचं खरचटलेलं कोपर धुताना मी विचारलं, त्याला माफ केलंत का?

‘माफी मागाय आलता व्हय?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘मला काय ऐकूच आलं न्हाई बाई. तोंड सुकलं व्हतं लेकराचं. मी म्हनले, बस बाबा.’

बस बाबा. ही क्षमा होती का गं? आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, देवाने ऐकलं. ऐकलं असेल. मी तेच शुभवर्तमान अजून सांगते, त्याच्यावरच जगते. पण ती लोंबती पट्टी आठवली की गुंता होतो. मी कमी सांगितलं म्हणून तो उठून तिच्याकडे गेला, का पुरतं सांगितलं म्हणून? प्रार्थनेत त्याचं नाव घेते, रँकसकट. नायक दत्ता, भोकर.

आज तू परत जाशील. आधी त्या पोरीपुढे उभी राहा, आणि तिला ऐकू येईल असं बोल. मग लवकर ये, तिलाही घेऊन. दारात दोघी दिसलात की मी काही विचारायची नाही. आधी बसा म्हणेन.