हाय म्हणजे आहे

प्रशांतदादाचा फोन आला तेव्हा मी माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. सांगलीत त्याचं सायकलचं दुकान आहे. तो सहसा फोन करत नाही, काही असलं तर आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक ओळ टाकतो, म्हणून लगेच उचलला. तो म्हणाला, "अगं, अक्का गेली." मी विचारलं, "कुठे?" मला खरंच तसंच वाटलं होतं. अक्का सारखी कुठेतरी जातच असायची. सुट्टी मिळाली की सायकल गाडीच्या मागे बांधायची आणि कासला, आंबोलीला, नाहीतर नुसतंच नकाशात हिरवं दिसतं म्हणून कुठल्यातरी डोंगराला. न सांगता गेली म्हणून मला थोडा रागही आला. प्रशांतदादा म्हणाला, "तसं न्हवं गं…" इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, मराठी शब्द मला आधी सरळ अर्थाने ऐकू येतो, दुसरा अर्थ मागून येतो. त्या दुपारी तो दुसरा अर्थ पोहोचेपर्यंत अक्का माझ्यासाठी कुठल्यातरी डोंगरावर होती.

अक्का म्हणजे सुवर्णा. मिरजेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, चाळिशीही गाठली नव्हती. सांगली-मिरजेकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. ती माझी कोणी लागत नव्हती, पण तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं मी कोणी पाहिलंच नाही. एका पेशंटला गुडघ्याचे व्यायाम शिकवून झाल्यावर ती खुर्चीत बसली, डोकं दुखतंय म्हणाली आणि तिची शुद्ध गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातच असून काही करता आलं नाही. इतके आठवडे झाले तरी ऐकणारा प्रत्येक जण मला आधी हेच विचारतो, "सायकलवरून पडली का?" नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते. बाईमाणसाने डोंगरात सायकल चालवायची आणि शेवटी खुर्चीत बसून मरायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

मी मूळची साताऱ्याची. नोकरी लागली म्हणून सांगलीत आले, विश्रामबागेजवळ एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीणबाई शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, "इतकी चांगली मुलगी, घरात आहे हे कळतसुद्धा नाही." ते खरंच होतं. ऑफिसचं काम बहुतेक खोलीतूनच, तिथले लोक स्क्रीनवर आणि बाकीचं गाव खिडकीबाहेर, असे माझे पहिले काही महिने गेले. सायकल मी फक्त संध्याकाळी पाय मोकळे करावेत म्हणून घ्यायला गेले होते. प्रशांतदादाने जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली एक सायकल दाखवली आणि म्हणाला, "ही रस्त्यावर चालवलीस तर तिचा अपमान हाय. रविवारी दंडोबाला ये."

दंडोबाचा डोंगर मिरजेच्या पूर्वेला, कवठे महांकाळकडे जाताना लागतो. खालचा मुलूख कोरडा, वर मात्र झाडी. त्या झाडीतून एकच सायकल जाईल एवढ्या वाटा उतरतात. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या मागे पडले होते, दोन्ही ब्रेक आवळून, दगड मोजत. माझ्या मागे फक्त अक्का होती. सगळ्यांत शेवटी सायकल चालवणाऱ्याला आमच्याकडे शेपूट म्हणतात आणि शेपूट नेहमी तीच असायची. एका वळणावर मी तिला दिसेनाशी झाले. झाडांमागून मोठ्याने हाक आली, "हायेस का?" मला त्यातलं फक्त 'हाय' ऐकू आलं. कोणीतरी नमस्कार करतंय, उत्तर तर द्यायला हवं… मी मान वळवून नम्रपणे म्हणाले, "हॅलो!"

मागे धप्प आवाज झाला. मला वाटलं, पडली. ती पडली नव्हती, सायकल टाकून जमिनीवर बसली होती आणि पोट धरून हसत होती. "अगं, नमस्कार न्हाई घातला मी! हायेस का म्हंजे आहेस का! दरीत न्हाई न्हवं गेलीस, ते इचारतिया!" मग डोळे पुसत तिने मला नियम सांगितला. वळणावर माणूस दिसेनासा झाला की मागच्याने विचारायचं, हायेस का. पुढच्याने म्हणायचं, हाय. तेवढं ऐकल्याशिवाय मागच्याने पुढे यायचं नाही आणि सांगितल्याशिवाय पुढच्याने पुढे जायचं नाही. खाली देवळापाशी पोहोचेपर्यंत माझं नाव हॅलो पडलं होतं. "ए हॅलो, ब्रेक काय लोणच्यात घालायला आणलेत का? सोड की!" मी लाजले, पण वाईट वाटलं नाही. सांगलीत आल्यापासून मला कोणी पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं.

शिकवताना अक्का फार बोलायची नाही. "दगडाकडं बघू नकोस. त्याच्याकडं बघितलंस की सायकल त्याच्यावरच जाती. वाटंकडं बघ." उतारावर बूड सीटच्या मागे न्यायला सांगायची आणि मी न्यायचं विसरले की मागून ओरडायची, "मॅडम, खुर्चीत बसलाय व्हय?" तिच्या वडिलांच्या घरी आधी मेंढरं होती. तिचं लहानपण त्यांच्यामागे चालण्यात गेलं आणि शिक्षण वसतिगृहात झालं. एकदा पुण्याहून काही जण दंडोबाला आले होते, महागड्या सायकली, कोपरापासून घोट्यापर्यंत सगळं जुळणारं. त्यातल्या एकाने फार आदराने विचारलं, "हा ट्रेल कोणी डिझाइन केलाय?" अक्काने हेल्मेटचा पट्टा आवळत सांगितलं, "मेंढरांनी." तो हसला. ती हसली नाही. "खरंच. आमच्यातलीच असतील. भारी केलाय न्हवं?" मग तो त्या वाटेकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला, आणि आम्ही सगळे खाली मान घालून आपापल्या टायरची हवा तपासायला लागलो, हसू दिसू नये म्हणून.

पावसाळा संपल्यावर मी तिला साताऱ्याला नेलं, म्हणजे तिनेच मला नेलं. यवतेश्वरचा घाट आम्ही सकाळी चढलो. वर सपाटीवरून सगळं गाव दिसतं, समोर अजिंक्यतारा. ती म्हणाली, "तुझं घर दाखव." मी दाखवलं. "शाळा?" तीही दाखवली, आणि मग का कोण जाणे, तिला सांगितलं की त्या शाळेत मराठी बोलताना सापडलं तर गळ्यात एक पाटी अडकवायचे, आणि पुढचं कोणी सापडेपर्यंत ती काढता यायची नाही. मी ती फार वेळा घातली नाही. मी बोलणंच कमी केलं. दोन्ही भाषांतलं. घरी कोणाला हे कधी सांगितलं नव्हतं… अक्काने शाळेच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाली, "हितनं त्यास्नी ऐकू जाईल का?" मी म्हटलं, नाही. "मग वरड की. मराठीत. काय बी." पोटात खरोखर कावळे ओरडत होते, म्हणून शेवटी मी सगळ्या ताकदीने ओरडले, "भूक लागलीय!" रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "पुढं हाटेल हाय की, ताई." अक्का त्यानंतर कितीतरी दिवस मला चहाच्या टपरीपुढे उभं करून म्हणायची, "वरड."

ती गेल्यावर रविवार तसेच रिकामे गेले. शोकसभेत प्रशांतदादाने मला बोलायला सांगितलं. मी मान हलवून नकार दिला आणि कोणी आग्रह केला नाही. मग एका रविवारी ग्रुपवर त्याची ओळ आली, दंडोबा, नेहमीची वेळ. आम्ही गेलो. सगळे जपून वागत होते, अक्काचं नाव कोणी काढत नव्हतं. उतारावर मधल्या झाडीत माझी चेन पडली. खाली बसून मी ती बसवली, हात काळे झाले, पुन्हा पडली, पुन्हा बसवली. पुढे टायरांचे आवाज हळूहळू बंद झाले. मग पाखरांचे आवाज सुरू झाले, माणसं गेल्यावर होतात तसे. मी उगाचच उभी राहिले. मागे कोणी नव्हतं, मला माहीत होतं… तरी थोडा वेळ उभी राहिले. खाली देवळापाशी पोहोचले तेव्हा त्यांचा चहा संपत आला होता. प्रशांतदादा म्हणाला, "आलीस व्हय? मला वाटलं पुढंच हायेस." दोष कोणाचाच नव्हता. शेपूट कोणी व्हायचं हे ठरवायचंच राहून गेलं होतं. आजवर कधी ठरवावं लागलं नव्हतं. घरी येताना मनात एकच गोष्ट होती. मी त्या झाडीतच राहिले असते, तर या गावात ते कोणाला कधी कळलं असतं?

त्याच आठवड्यात मी ऑफिसला विचारलं, साताऱ्याहून काम केलं तर चालेल का. चालेल म्हणाले. घरमालकीणबाईंना महिनाअखेर खोली सोडते असं सांगितलं. आईला आनंद झाला. निघण्याआधी अक्काच्या आईचा निरोप घ्यायचा तेवढा राहिला होता.

काकू मिरजेत अक्काजवळ राहायच्या. गावाकडे मुलगा आहे, शेती आहे, तो तिकडेच या म्हणून रोज फोन करतो. अक्का गेल्यानंतर मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून अक्काची सायकल उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी टायरबद्दल बोलले. आत ट्यूब नसते, सीलंट नावाचं पांढरं पातळ औषध असतं, काटा घुसला की ते आतून भोक बुजवतं, पण सायकल नुसती उभी राहिली की ते एका जागी साचून वाळतं. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे दूधच म्हणायचं."

निरोप घ्यायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. आतून टिकटिक असा बारीक, भरभर आवाज येत होता, मग हळू, मग आणखी हळू. काकू एका हाताने सीट धरून सायकलचं मागचं चाक जमिनीपासून उचलून उभ्या होत्या आणि चाक थांबायची वाट पाहत होत्या. मला पाहून त्यांनी ते खाली ठेवलं. "रोज फिरवतिया. तू म्हणालीस न्हवं, दूध वाळंल." मी म्हटलं, रोज फिरवायची गरज नाही काकू. "आसंना. फिरतंय तवर घरात आवाज ऱ्हातोय." मग पदराने कपाळ पुसत त्या सांगत राहिल्या, "पोरगं म्हणतंय, सायकल इकून टाक आन् गावाकडं ये. दुकानवाला म्हणतोय, दुकानात भिंतीवर टांगतो, आठवण म्हणून. टांगल्यावर चाक कोण फिरवील? मी म्हटलं, बघू." त्यांनी चहा केला. साताऱ्याचं सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा त्या साखर पुरेशी आहे का विचारत होत्या. नंतर सांगू म्हटलं. चहा संपला. मी उठले, दारात बूट घातले. दाराच्या आत उभं राहून जे सांगायला जमलं नव्हतं ते दाराबाहेरून सांगणं आणखी अवघड होतं. म्हणून निघताना सगळे म्हणतात तेच म्हणाले, "काकू, येते."

निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. या एका शब्दाचा दुसरा अर्थ मला कधीच मागून आला नाही. मी 'येते' म्हणाले त्याचा अर्थ जातेच होता. पण काकूंनी तो सरळ घेतला.

"ये," त्या म्हणाल्या. "ऐतवारी ये. सकाळच्यालाच ये, माझा हात भरून येतुया. एकानं धराय पायजे आन् एकानं फिरवाय."

घरमालकीणबाईंना मी खोली ठेवतेय असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. आईने विचारलं, तिला अजून नीट सांगता आलेलं नाही. दंडोबाला मी पुन्हा गेलेले नाही, जाईन की नाही माहीत नाही. पण रविवारी सकाळी मिरजेला जाते. काकू सीट धरून सायकल उचलतात, मी पेडल फिरवून सोडते, आणि चाक थांबेपर्यंत आम्ही दोघी तो आवाज ऐकतो.