आत जाणाऱ्या पिशव्या

वेणू अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायची. सुटीचा भोंगा झाला की बायका रांगेत उभ्या राहत, आणि डबा, पिशवी, पदर, अंबाडा, सगळं तिच्या हाताखालून जाई. नात्यातल्या बाईलाही तिनं कधी सूट दिली नाही. कारखाना बंद पडला तेव्हा चामटोलीजवळच्या राखीव जंगलाच्या नाक्यावर तिला रोजंदारीवर राखणदार म्हणून घेतलं, ते याच ख्यातीमुळे. हे साल दोन हजार पाचच्या आसपासचं.

जंगलात थोडं चढून गेलं की जुन्या बांधाचं तळं होतं. रविवारी बदलापूरची माणसं तिकडे फिरायला येत. वेणू नाक्यावर बसे आणि परतणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडायला लावी. लाकूड, मध, पाखरं, काहीही बाहेर जाता कामा नये, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की तळ्यातली मऊ पाठीची कासवं दिसेनाशी झाली आहेत. पूर्वी काठाच्या चिखलात त्यांची टोकदार नाकं वर आलेली दिसायची. कुणीतरी पळवतंय, तिनं ठरवून टाकलं. आणि कोण, हेही ठरवलं. गावातला मधू रोज गळ घेऊन तळ्यावर जायचा.

एका संध्याकाळी तिनं त्याला अडवलं. पिशवी उपडी केली, कमरेचा पंचा सोडायला लावला. मागं चार माणसं उभी होती. पिशवीतून दोन चिंगळ्या मासोळ्या पडल्या.

मधूचा चेहरा काळवंडला. "वयनी, मी चोर हाय का?"

"मग कासवं गेली कुठं?"

"कासवं हायेत की. पन आपली न्हायत. उद्या चल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ती गेली, तेही त्याला दहा पावलं पुढं चालायला लावून. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला खडकांवर कासवं ऊन खात एकमेकांवर चढून बसली होती. हिरवी, कडक पाठीची, आणि कानामागं लाल पट्टा. मधूनं टोपलीत एक धरून दाखवलं. ते चावायला धावलं.

वनपालसाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे अमेरिकेतलं. दुकानात काचेच्या पेटीत विकतात. इथे सुटलं की खाणं, जागा, सगळं बळकावतं. पण इतकी आली कुठून?"

त्या प्रश्नानं वेणूची झोप उडाली. कुणी चोरून पाळतंय का? साहेबांचाच कुणी माणूस सामील आहे का? ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली. आणि एका रविवारी, समोरून माणसं हसतखेळत आत जात असताना, तिला एकदम उमगलं. ती बाहेर येणाऱ्या पिशव्या तपासत होती. आत जाणाऱ्या पिशवीला तिनं कधी हात लावला नव्हता.

त्याच दिवशी भावना आली. खरवईला राहणारी, नोकरदार, विहारात दर पौर्णिमेला वेणूच्या शेजारी बसणारी. हातात झाकलेली बादली.

"जयभीम, ताई."

"जयभीम. बादलीत काय गं?"

"पाणी आहे. झाडाला."

"जंगलातल्या झाडाला?"

वेणूनं झाकण काढलं. आत ताटाएवढं कासव.

भावना रडकुंडीला आली. "घरात ठेवलं की बरकत येते म्हणून मिस्टरांनी आणलं होतं. रुपयाएवढं होतं हो! आता टबात मावत नाही, वास येतो. मारू कसं? जीव आहे. निदान मोकळं तरी जगेल."

"तुझ्या एकटीचंच का?"

भावनानं डोळे पुसले. "आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी इथेच सोडलीत. तुमच्या नाक्यावर कुणी विचारत नाही ना."

वेणूला वाटत होतं, कुणी तरी लबाड, लपूनछपून येणारा माणूस सापडेल. सापडली ती दयाळू माणसं, आणि तीही ओळखीची. चिडावं कुणावर, हेच तिला कळेना.

भावनाकडून पत्ता घेऊन ती उल्हासनगरला त्या दुकानात गेली. दुकानदार हरेश गोड बोलला. "अरे ताई, टेन्शन कशाला? ज्याला नको त्याचं मी वापस घेणार. फुकट." त्याच्या गोड बोलण्यावरच तिचा विश्वास बसेना. म्हणून संशयावरून नाक्यावर अडवलेली कासवं त्याच्याकडे धाडताना तिनं प्रत्येकाच्या पाठीच्या कडेला कानशीनं बारीक खाच पाडली.

पावसाळा सरल्यावर मधूनं तळ्यात लावलेल्या टोपलीत खाचवालं कासव आलं.

ती ते पिशवीत घालून थेट हरेशच्या गल्ल्यावर गेली. गिऱ्हाइकं उभी होती. तिनं कासव काउंटरवर ठेवलं.

"हे तू परत घेतलं होतंस ना?"

हरेश खाच बघत राहिला. "आता ताई, माल आला तर विकणारच ना. मी कुठं जंगलात सोडायला सांगतो? सोडतात ते लोक."

"आणि ते म्हनतात, विकतो तो."

एक गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं. हरेशनं हात जोडले, पण पेट्या काही हलवल्या नाहीत.

त्यानंतर तिनं त्याच्याकडे एकही पाठवलं नाही. साहेबांच्या मागं लागून नाक्यामागं सिमेंटचं टाकं बांधून घेतलं आणि आत जाणारी पिशवी न् पिशवी उघडू लागली. माणसं भांडली. "आम्ही काय चोरून आणतोय का आत?" असं काही जण हसून विचारत. भावनानं कित्येक महिने तोंड फिरवलं. मग एका पौर्णिमेला विहारात तीच उभी राहिली आणि नको झालेली कासवं तळ्यात सोडू नका, नाक्यावर द्या, असं सगळ्यांना सांगितलं.

मधूची माफी वेणूनं मागितली, त्याच्या ओट्यावर जाऊन, त्याच्या बायकोदेखत. तो "बरं" एवढंच म्हणाला. पण टोपल्या लावायला रोज आला. दोघांनी दोन हिवाळे तळं उपसल्यासारखं धुंडाळलं. टाकं भरलं की साहेब गाडी मागवून ती कासवं मुंबईकडच्या प्राणी सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवत.

तळं पुरतं मोकळं झालं का, कुणीच सांगू शकलं नाही. मात्र एका उन्हाळ्यात मधू धावत नाक्यावर आला. "वयनी, आपली दिसली! पुष्कळ!"

वेणूला खरं वाटेना. ती काठावर जाऊन दुपारभर बसली. उन्हं कलताना चिखलातून एक टोकदार नाक वर आलं, श्वास घेऊन बुडालं.

"एकच हाय," ती मधूला म्हणाली, पण जागची उठली नाही.