शाळेच्या तुळया

रिठदच्या मुलींच्या शाळेला भिंती होत्या, मास्तरीणबाई होत्या, मुली होत्या. छप्पर नव्हतं. दिवाळीपर्यंत ते झालं नाही तर बाईंची बदली करू, असं बोर्डानं कळवलं होतं. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, कुंभारानं दिले, माती आणि पाणी बायकांनी वाटून घेतलं. कोणी काय आणायचं ते ठरवणं माझ्याकडे होतं. असली कामं मला मनापासून आवडतात. अडलं ते तुळयांपाशी.

तेवढ्यात रिसोडच्या अडत्याचा निरोप आला : सागाच्या तुळया मी देतो, दारावर माझ्या नावाचा दगड बसवा.

या शेठवर वाशिमच्या कोर्टात खटला चालू होता. धान्य घेताना मोठी पायली, विकताना लहान, असा आरोप. मुख्य साक्षीदार होती आमच्या शेजारची मामी, वांग्याच्या मळ्यावर एकटीनं घर चालवणारी. तिची तूर त्या मोठ्या पायलीनं मोजली गेली होती. आणि तिचीच नात शाळेत सगळ्यांत पुढं बसायची.

बोलणं झालं ते मामीच्या मळ्यात, वांगी तोडता तोडता.

"घ्या ना. सागाले काय मालूम, मालक कसा हाये?" माझी जाऊ म्हणाली.

"आन् मंग मामीनं कोर्टात कोणत्या तोंडानं बोलावं?" मी विचारलं.

मामीनं भरलेली टोपली बांधावर ठेवली. मग म्हणाली, "याच तोंडानं. लाकूड घेऊ. पण त्याले आंधी सांगून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बैलगाडीनं रिसोडला गेलो. मामी दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "शेठ, तुळया घेतो. साक्ष बी देतो. नावाचा दगड लागनार नाही. आन् आमच्या गावात लाकूड देनाऱ्यानं तुळई चढवाले खांदा द्या लागते."

शेठचा चेहरा उतरला. "हे मले तोंडावर सांगाले आली का तू, बाई?"

"मंग कोनाच्या तोंडावर सांगू?"

त्यानं समोरची वही मिटली. शेवटी म्हणाला, "पोरींची शाळा हाये. पाठवतो."

ठरल्या दिवशी गाड्या आल्या, मागून शेठही आला. उपरणं कमरेला बांधून त्यानं खांदा दिला. तुळई वर गेली. एक टोक भिंतीवर बसलं, दुसरं वीतभर आधीच संपलं.

बाकीच्या तुळयाही तेवढ्याच होत्या. मग जाऊ म्हणाली, "शेठ, हे कोन्त्या पायलीनं मोजलं?"

गाडीवानसुद्धा हसून हसून खाली बसला. शेठ लालबुंद झाला. "मले लाकूडवाल्यानं फसवलं. पैसे पुऱ्या मापाचे घेतले त्यानं."

"खरं का?" मामीनं विचारलं.

"लेकराची आन."

"मंग कर फिर्याद. तुह्या साक्षीले मी येतो. पण आंधी माह्या पायलीची, मंग तुह्या लाकडाची."

यावर शेठलाही हसू आवरलं नाही.

दुसरं लाकूड मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली असती. मी दुसऱ्याच सकाळी बायकांच्या पाळ्या लावल्या. मातीची एक भिंत पाडून वीतभर आत घेतली. ती वाळत होती तेवढ्यात मामी वाशिमला जाऊन आली. पाहिलं ते सगळं तिनं सांगितलं, आणि शेठला दंड झाला.

आता तो कशाला येतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तुळई पुन्हा चढवायच्या दिवशी मी त्याच्या जागी माझ्या दिराला उभंही केलं होतं. तेवढ्यात रिसोडच्या वाटेवर शेठची बैलांची दमणी दिसली. उतरून त्यानं दिराला बाजूला सारलं आणि तुळईखाली खांदा घातला. दुसऱ्या टोकाला मामी होती.

"नीट धर, शेठ," ती म्हणाली.

"धरून राह्यलो ना, मामी."

तुळई दोन्हीकडे बरोबर बसली. दिवाळीआधी कवेलू चढले आणि बाई राहिल्या. शाळा मात्र अरुंद झाली ती झालीच. मुली गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि एक खुदकली की सगळी रांग हलायची.