स्थापना दिनाचा कागद

संस्थाचालकांनी कागद टेबलावर ठेवला आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवला. "स्थापना दिनाला तुमच्या वस्तीतलं कुणीतरी बोलतं. यंदा तू." शेजारच्या प्राध्यापिकेला ते अहो-जाहो करत होते. डॉक्टर तर माझ्याही नावामागे आहे.

कागदावर संस्थाचालकांच्या घराण्याबद्दल चार ओळी. या घराण्यानं आम्हाला शाळेत घेतलं, माणूस केलं, हे उपकार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विसरणार नाही. खाली माझं नाव आधीच छापलेलं.

मी "हो सर" म्हणाले. खरं सांगते, घाबरले. तळेगावच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला नेमणूक नव्यानं मिळते आणि त्यावर सही त्यांचीच असते.

गावी, आंबीला घरी आल्यावर वडिलांना कागद दाखवला. ते नुकतेच कंपनीतून आले होते. त्यांनी वाचून घडी घातली.

"ह्योच हाय. मी बी ह्योच वाचलावता, हात जोडून. तुझं अ‍ॅडमिशन व्हतं तवा."

मला हे ठाऊक नव्हतं. मी शिकले ती अशी.

मग आजी आठवली. याच घराण्याच्या शाळेत ती वर्गाबाहेर ओट्यावर बसून शिकली. गणित सोडवलं की पाटी खाली ठेवायची आणि मागं सरायचं. मास्तर लांबून बघायचे, छडीच्या टोकानं पाटी परत ढकलायचे. अशा चार इयत्ता. धर्मांतरानंतर तिनं विहारात वस्तीतल्या बायापोरींना लिहायला शिकवलं, पार म्हातारी होईपर्यंत. त्यांच्या लेकी नर्स झाल्या, तलाठी झाल्या. घराण्याच्या नावाची कमान कॉलेजच्या दारात आहे, तिच्या नावाची कुठंच नाही.

स्थापना दिनाला माझं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत सगळं घराणं, मागं कुठंतरी वडील. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचवेना.

"माझी आजी तुमच्या शाळेत ओट्यावर बसून शिकली," मी म्हणाले. "तिची पाटी कुणी हातात घेतली नाही. पुढं तिनं वस्ती शिकवली. ते कुणाचे उपकार नव्हते."

खाली उतरून मी कागद संस्थाचालकांपुढे धरला. त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवला नाही. त्यांनी हात पुढं करेपर्यंत तशीच उभी राहिले. फार वेळ लागला. शेवटी घेतला.

आता जून तोंडावर आलाय. फोन वाजला की आधी नंबर बघते. स्टाफरूममधली माणसं नजर चुकवतात. वडील रोज म्हणतात, "माफी मागून टाक, पोरी." त्यांची भीती मला कळते, ती माझ्यातही आहे.

नेमणूक बहुतेक मिळणार नाही. विहाराची किल्ली मी मागून घेतलीय, संध्याकाळी तिथं शिकवीन. माफी मागणार नाही. आणि पुढच्या वर्षी त्या कागदावर वस्तीतल्या ज्याचं नाव छापून येईल, त्याच्या घरी मी स्थापना दिनाच्या आदल्या दिवशी जाऊन बसणार आहे.